नट ढिले राहून घासलेली चाकाची डिस्क: ठेवावी की बदलावी?

टायर रोटेशन (चाकांच्या जागा आपसांत बदलणं) करून आणल्याच्या तिसऱ्या दिवशी खंबाटकी घाट उतरताना पुढच्या डाव्या चाकातून टक-टक आवाज येऊ लागला. वेग कमी केला की आवाज जास्तच स्पष्ट. बाजूला थांबून बघितलं तर चारपैकी तीन नट बोटांनी फिरत होते आणि त्यांच्याभोवती काळपट राखाडी भुकटी जमली होती. ती भुकटी म्हणजे झिजलेलं अलॉय, डिस्कचा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू. पाना मारून नट आवळले, आवाज थांबला. खरा प्रश्न त्यानंतरचा होता: हीच डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढतो तो चाकाचा धातूचा भाग, चालवायची की नाही?

चाकाचा भार नुसत्या स्टडवर, म्हणजे नट ज्यांवर चढतात त्या आटेदार खुंट्यांवर, नसतो. नट डिस्कला हबवर (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) घट्ट दाबतात आणि त्या दाबामुळे होणारं घर्षण चाक जागेवर धरतं. दाब गेला की प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक वळणाला डिस्क सरकते आणि स्टड भोकाला ठोकत राहतो. म्हणून बाहेरून डिस्क चकचकीत दिसते की नाही, याला काही अर्थ नाही. बघायचं ते भोक, आणि त्यातही नट जिथे टेकतो ती निमुळती बैठक.

चाक काढून भोक पुसा आणि टॉर्च मारा. माझ्या डिस्कच्या दोन भोकांत आतल्या भिंतीवर स्टडच्या आट्यांच्या रेघा चक्क उमटल्या होत्या. मग नव्या नटाच्या उतारावर मार्करची शाई लावा, नट बैठकीत दाबून किंचित फिरवा आणि काढा. बैठकीवर शाईचं पूर्ण कडं उमटलं, भोक गोल आहे आणि तडा नाही, तर डिस्क ठेवायला हरकत नाही. कडं अर्धवट उमटलं किंवा भोक लांबट दिसलं, तर ती गेली. असा नट कितीही आवळा, तो पुन्हा सुटणार.

लोखंडी डिस्क असेल तर फार विचार करू नका. छोट्या गाडीची नवी लोखंडी डिस्क बहुतेक वेळा टायरपेक्षा स्वस्त पडते. भोकापासून निघणारे गंजाचे ओघळ किंवा दोन भोकांमधली बारीक चीर दिसली, की बदलून मोकळं व्हा.

अलॉयच्या बाबतीत जीव अडकतो, कारण एक डिस्क महाग आणि डिझाइन जुळायला हवं. कुणी म्हणेल, भोक वेल्डिंगने भरून लेथवर करून देतो. नको. अलॉयला कारखान्यात उष्णता देऊन जी ताकद आणलेली असते, ती वेल्डच्या आसपास कमी होते, आणि नेमक्या त्याच जागी नटाचा सगळा दाब येतो. बाहेरच्या कडेचा ओरखडा भरून घेणं वेगळं आणि बैठक भरून घेणं वेगळं.

नवीन परवडत नसेल, तर जुन्या बाजारातली त्याच मॉडेलची डिस्क वेल्ड केलेल्या डिस्कपेक्षा केव्हाही बरी. फक्त पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, जुळला एवढ्यावर घेऊ नका. मधलं भोक आणि ऑफसेटही (डिस्क हबवर किती आत-बाहेर बसते ते) जुळायला हवा, आणि विकत घेण्याआधी तीच शाईची परीक्षा करा. तोवर स्टेपनीवर चालवा. ती लहान आकाराची असेल तर तिच्यावर छापलेली वेगमर्यादा पाळा.

डिस्क वाचली तरी त्या चाकाचे सगळे स्टड आणि नट मी बदलायलाच सांगेन. ठोके खाल्लेला स्टड वरून धड दिसतो आणि नंतर तुटतो. खर्चही डिस्कच्या मानाने किरकोळ. फोक्सवॅगन, स्कोडासारख्या गाड्यांत स्टडऐवजी बोल्ट थेट हबमध्ये जातो. तिथे आतले आटे गेले असतील तर हबचाच खर्च धरा.

नवी डिस्क बसवताना हबवरचा गंज घासून काढा आणि नट समोरासमोर आवळा. लहान गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. तीस सेंटिमीटरच्या पान्यावर सत्तर किलोचा माणूस उभा राहिला तर 200च्या वर जातो आणि नवा स्टडही ताणला जातो. टॉर्क मोजणाऱ्या पान्यानेच (टॉर्क रेंच) आवळायला लावा, आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घ्या.

मी शेवटी नवी डिस्क आणि चार स्टड घातले. जुनी भंगारात देण्याआधी गॅरेजमध्ये ग्राइंडरने तिच्या भोकांतून आडवा काप मारून घेतला. तुम्हीही घ्या, नाहीतर ती पॉलिश होऊन दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला लागेल.