क्रियाविशेषणांची कार्डं : जूनपासून वापरतेय

शाळा सुरू झाल्या तेव्हा कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरून हा संच आणला. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रारीही आहेत. राजारामपुरीत माझ्याकडे दुसरी-तिसरीची मुलं शिकवणीला येतात, त्यांच्यासाठी घेतला होता.

वाक्यांची कार्डं आणि 'कसे?', 'कुठे?', 'केव्हा?', 'किती?' अशा रंगीत चकत्या. क्रियापदाला प्रश्न विचारायचा, उत्तर देणाऱ्या शब्दावर चकती ठेवायची. 'क्रियेविषयी विशेष माहिती सांगणारा शब्द' ही व्याख्या घोकून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं. 'कसे?'ची कार्डं तर आम्ही करूनच दाखवतो. 'त्याने हळूच दार उघडले' आलं की पोरगं श्वास रोखून कडी सरकवतं. 'धाडकन उघडले' आलं की माझ्या बिजागऱ्यांचे हाल! दार तेच, उघडणंही तेच. बदललं काय, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

भाषा मात्र फार पुस्तकी आहे. 'लगबगीने' म्हणजे काय, तिथूनच सुरुवात. शेवटी कोऱ्या कार्डांवर मुलांचेच शब्द लिहिले : 'बिगीबिगी चल', 'गप बस'. 'गप' हेही क्रियाविशेषण म्हटल्यावर एकजण म्हणाला, "बाई, मग आमची आई दिवसभर व्याकरणच बोलत्या की!"

आता तक्रारी. 'मांजर झाडावर चढले' या कार्डात 'वर'खाली रेघ मारून त्याला क्रियाविशेषण ठरवलंय. नामाला चिकटून आलेला 'वर' शब्दयोगी. 'मांजर वर चढले' असतं तर बरोबर होतं. मी दोन्ही वाक्यं शेजारी ठेवते आणि 'वर' मोकळा आहे की चिकटलेला, एवढंच विचारते. 'किती?'च्या चकतीचाही घोळ होतो. 'तिने दोन भाकरी खाल्ल्या' म्हटलं की चकती 'दोन'वर जाते, पण ते भाकरीचं विशेषण. 'ती खूप हसली'मधला 'खूप' हवा. अशी वाक्यं संचात अगदीच थोडी.

'ती चांगली गाते' हे कार्ड तर या वयाला द्यायलाच नको होतं. 'चांगली' गाण्याबद्दलच सांगते, पण 'तो' आला की 'चांगला' होते. मोठ्या वर्गात सविकारी क्रियाविशेषण म्हणून शिकवतात ते. आठ वर्षांच्या पोराला, क्रियाविशेषण हे अव्यय, ते बदलत नाही असं कालच सांगितलेलं असताना, हे कसं पटवायचं? मी तिथं 'छान' लिहून टाकलं.

कागद सुमार. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेनं कोपरे वळले, चकत्यांचा रंग बोटांना लागतो. लॅमिनेशन करूनच वापरायला काढा.

पहिलीसाठी घेऊ नका. वाक्यातलं क्रियापद बोट ठेवून दाखवता येत नाही तोवर चकत्या नुसत्या सांडतात. तिसरीसाठी मात्र खुशाल घ्या, फक्त मुलांच्या हातात देण्याआधी एकदा सगळी कार्डं चाळून चुकीची बाजूला काढा.