शेलचेक: स्क्रिप्ट चालवण्याआधी तपासून देणारे साधन

शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम आणि शेल स्क्रिप्ट म्हणजे अशा आज्ञा ओळीने लिहिलेली फाइल. ती नुकती शिकत असताना मी बॅश या शेलसाठी दोन ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली होती: पहिल्या ओळीत 'सीडी'ने जुन्या फोटोंच्या फोल्डरमध्ये जायचे आणि दुसरीत 'आरएम'ने तिथल्या सगळ्या जेपेग फाइल पुसायच्या. मधल्या काळात मी त्या फोल्डरचे नाव बदलले होते, त्यामुळे सीडी फसली. पण बॅश तेवढ्याने थांबत नाही, म्हणून पुढची ओळ चालली आणि मी ज्या फोल्डरमध्ये होते तिथलेच फोटो गेले. आरएमने पुसलेली फाइल कचरापेटीतही सापडत नाही. पुढे तीच स्क्रिप्ट शेलचेकला दिली, तेव्हा त्याने नेमके पहिल्या ओळीवर बोट ठेवले: सूचना क्रमांक एससी २१६४, सीडी फसल्यास इथूनच बाहेर पडा.

विडार होलेन यांनी हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले हे मुक्त सॉफ्टवेअर स्क्रिप्ट चालवत नाही, नुसती वाचते, त्यामुळे नवशिक्याने ते बिनधास्त वापरावे. उबुंटू लिनक्सवर ते 'ॲप्ट' या सॉफ्टवेअर बसवण्याच्या आज्ञेने बसते आणि तेही नको असेल तर त्याच्या संकेतस्थळावर स्क्रिप्ट चिकटवून तपासता येते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यातले शिकवणे. प्रत्येक सूचनेला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाच्या पानावर चुकीची ओळ, बरोबर ओळ आणि कारण दिलेले असते. 'गणपती २०२३' असे मध्ये जागा असलेले नाव चलात ठेवून ते अवतरणचिन्हांशिवाय वापरले, तर शेल त्याचे दोन तुकडे करते आणि 'गणपती' व '२०२३' अशा दोन वेगळ्या फाइल शोधत बसते. एससी २०८६ वाचल्यावर हे कायमचे लक्षात राहिले. स्क्रिप्ट कोणत्या शेलने चालवायची ते सांगणारी पहिली ओळ, म्हणजे शेबँग, विसरली किंवा विंडोजच्या एडिटरमधून ओळींच्या शेवटी नको ते चिन्ह आले, तरी ते सांगते.

उणिवाही आहेत. सूचना इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याला सुरुवातीला कोणीतरी सोबत लागते. 'सीएचमॉड'ने चालवण्याची परवानगी दिली नसेल, तर तो अडथळा शेलचेकला दिसत नाही. झेडशेल या दुसऱ्या शेलच्या स्क्रिप्टही ते तपासत नाही आणि मॅकओएसच्या २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकवर मुळात ठरवून दिलेले शेल तेच असते. त्यामुळे मॅकवर शिकणाऱ्यांनी शेबँगमध्ये बॅश लिहूनच सराव करावा.