पल्स हरवतोय: प्रिंट, पिन, ब्रेकपॉइंट की ट्रेस?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर बसवायची एक पेटी आम्ही बनवतो. मुख्य शाफ्टवरच्या एन्कोडरचे (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचे) पल्स मोजायचे, बाणा (आडवा धागा) तुटला की माग थांबवायचा, एवढंच तिचं काम. आत एसटीएम३२ एफ१०३ ही मायक्रोकंट्रोलर चिप, त्यावर फ्रीआरटीओएस ही छोटी ऑपरेटिंग सिस्टम. टेबलावर पेटी शहाण्यासारखी वागायची. मागावर चढली की पाळी संपेपर्यंत मोजणीत फरक पडायचा, आणि मधूनच ती गोठायची. इंटरप्टमधली, म्हणजे पल्स किंवा बटणासारखी घटना घडताच हातातलं काम सोडून चिप जो कोड चालवते त्यातली, असली चूक शोधायला चार वाटा आहेत. तुमचंही असंच अडलं असेल आणि वेळ-पैसा कशावर घालायचा हे ठरत नसेल, तर माझं मत पुढे देतो.

हात आधी प्रिंटकडेच, म्हणजे प्रोग्राममधून सिरियल पोर्टवर ओळी छापण्याकडे, जातो. माझाही गेला, पण गणित आधी मांडायला हवं होतं. एन्कोडर एका फेऱ्यात ३६० पल्स देतो आणि माग मिनिटाला १२० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ७२० पल्स, दोन पल्समध्ये साधारण १.४ मिलिसेकंद. ११५२०० बॉडवर सिरियल पोर्टला एका अक्षरामागे सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. ४० अक्षरांची ओळ इंटरप्टमध्येच छापत बसलं की साडेतीन मिलिसेकंद गेले. तेवढ्यात आणखी दोन पल्स येतात, आणि खोळंबलेल्या इंटरप्टची नोंद ठेवणारा पेंडिंगचा बिट एकच असल्यामुळे त्यातला एकच टिकतो. चूक शोधायला गेलो आणि नवी घालून आलो! शिवाय प्रिंटएफ हे छापायचं फंक्शन आतून मेमरी मागू शकतं, त्यामुळे इंटरप्टमधून ते बोलावणं तसंही धोक्याचं. टास्कमधून, म्हणजे फ्रीआरटीओएस आळीपाळीने चालवतं त्या कामातून, सेकंदाला एकदा आकडा छापायचा असेल तर प्रिंटसारखं सोपं काही नाही. इंटरप्टच्या आत मात्र नको.

दुसरी वाट पिनची, आणि माझा कौल हिलाच. एक रिकामी पिन इंटरप्टमध्ये शिरताना वर करायची, बाहेर पडताना खाली. ७२ मेगाहर्ट्झवर याला मोजके क्लॉक लागतात, मिलिसेकंदांच्या हिशेबात ते दिसतही नाहीत. सोबत पिना कधी वर-खाली झाल्या ते लॅपटॉपवर दाखवणारा आठ चॅनेलचा स्वस्तातला लॉजिक ॲनालायझर आणि पल्सव्ह्यू हे फुकटचं सॉफ्टवेअर. २४ मेगाहर्ट्झवर सुमारे ४२ नॅनोसेकंदांपर्यंतचं बारीक दिसतं. एका चॅनेलवर एन्कोडर, दुसऱ्यावर त्याच्या इंटरप्टची पिन, तिसऱ्यावर बटणाच्या इंटरप्टची. बहुतेक वेळा पल्स आला की पिन लगेच उठायची. पण विणकराने बटण दाबलं की तिसरी पिन तीन मिलिसेकंद वरच राहायची, आणि त्या काळातल्या दोन पल्सना मिळून दुसरी पिन एकदाच उठायची. बटणाचं बाउन्स (एकाच दाबात संपर्क अनेकदा जुळणं-तुटणं) टाळायला त्या इंटरप्टमध्ये कुणीतरी डिलेचं लूप टाकून ठेवलं होतं. कुणीतरी म्हणजे मीच.

दोन गोष्टी सांभाळा. एन्कोडरचे २४ व्होल्ट ॲनालायझरला थेट लावलेत तर तो गेलाच म्हणून समजा. ऑप्टोकप्लरच्या (प्रकाशाने सिग्नल पलीकडे देऊन दोन बाजू वेगळ्या ठेवणाऱ्या भागाच्या) पलीकडे, बोर्डाच्या बाजूला लावा. आणि मागाजवळ लॅपटॉप बॅटरीवरच चालवा. कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) ठिणगीचा विद्युत गोंगाट सिग्नलमध्ये शिरत असेल तर ॲनालायझर फक्त ०-१ दाखवतो, तिथे ऑसिलोस्कोपच लागतो.

मोजणी जुळली, गोठणं राहिलं. तिथे पिनचा उपयोग नव्हता, तिसरी वाट म्हणजे ब्रेकपॉइंट, प्रोग्राम ठरावीक ओळीवर थांबवायची खूण, लागला. या वाटेबद्दल लोक एक विसरतात: ब्रेकपॉइंटवर चिप थांबते, माग थांबत नाही. माग थांबवायच्या रिलेची पिन होती त्याच स्थितीत अडकून राहते, त्यामुळे हे काम मोटर बंद करूनच करायचं. टायमर आणि वॉचडॉग (प्रोग्राम अडकला असं वाटलं की चिप रीसेट करणारा टायमर) थांबवायचे बिट आधी लावले नाहीत तर वॉचडॉग मधेच चिप रीसेट करतो. वेळेचे प्रश्न ब्रेकपॉइंटने सुटत नाहीत. पण ‘इथे पोचलोच कसे’ हे विचारायचं असेल तर स्टॅक (कुठून कुठे आलो याची नोंद) आणि इंटरप्टची रजिस्टरं समोर उघडी असतात. मी फ्रीआरटीओएसचा असर्ट, म्हणजे नियम मोडला की तिथेच थांबवणारी तपासणी, चालू केला आणि डीबगर लावून एन्कोडरच्या जागी नकली पल्स देणारा फंक्शन जनरेटर जोडला. पहिल्याच पल्सला प्रोग्राम, इंटरप्टमधून टास्कसाठीच्या रांगेत निरोप टाकणाऱ्या ओळीवर अडला. इंटरप्टला प्रायॉरिटी मी कधी दिलीच नव्हती. रीसेटनंतर ती शून्य असते, आणि या चिपच्या कॉर्टेक्स-एम प्रोसेसरमध्ये शून्य म्हणजे सगळ्यात वरची. कर्नल, म्हणजे फ्रीआरटीओएसचा गाभा, स्वतःच्या याद्या बदलत असताना खालचे इंटरप्ट अडवतो, शून्यवाल्याला अडवू शकत नाही. तोच इंटरप्ट रांगेला हात लावतो, कधीतरी यादी मोडते, आणि पेटी तासाभराने भलत्याच ठिकाणी मरते. असर्ट पहिल्या दिवसापासून चालू असता तर आठवडा वाचला असता.

चौथी वाट ट्रेसची. सिस्टमव्ह्यूसारख्या साधनात टास्क आणि इंटरप्ट एकाच काळरेषेवर दिसतात. सात-आठ टास्क एकमेकांत अडकत असतील तर ते सोन्यासारखं आहे. पण आपल्या इंटरप्टमध्ये नोंदीच्या ओळी हाताने घालाव्या लागतात, आणि एफ१०३ सी८ च्या २० केबी रॅममधून बफरही काढून द्यावा लागतो. आमच्या पेटीत टास्क तीनच, म्हणून मी तिकडे गेलो नाही.

तेव्हा आज खरेदी करायची असेल तर आधी ॲनालायझर घ्या, मग एसटी-लिंक हा डीबगर. पुढच्या बोर्डावर मी दोन पिना कशालाही न जोडता हेडरवर काढून ठेवल्या आहेत. त्या दुसऱ्या कामाला वापरू का, असं आमच्या पोराने दोनदा विचारून झालंय.