हिमचादर प्रयोगसंच: थर्माकोलची 'जमीन' सोडली तर घेण्यासारखा

जळगाव-धुळ्याच्या शालेय साहित्याच्या दुकानांत हा संच मिळतो. त्यात दोन पारदर्शक टब, मिलिमीटरच्या पट्ट्या, १२ खड्यांचा बर्फाचा ट्रे, खायचा निळा रंग आणि जमीन म्हणून थर्माकोलची लादी आहे. एका टबात बर्फ पाण्यावर तरंगत ठेवायचा, दुसऱ्यात लादीवर. बर्फ वितळला की पहिल्यात पाण्याची पातळी हलत नाही, दुसऱ्यात चढते, असं पुस्तिका सांगते.

प्रत्यक्षात दोन्हीकडे काहीच चढत नाही. थर्माकोल तरंगतो, त्यामुळे बर्फाच्या वजनाइतकं पाणी सुरुवातीलाच बाजूला सरतं. लादी काढून टाका आणि पाण्याबाहेर माथा राहील असा काळा दगड ठेवा. आपल्याकडे त्याला तोटा नाही. पातळीची खूण करून मगच दगडावर बर्फ रचा. टब २० × १५ सेंटिमीटरचा आहे, २५ मिलिलिटरचे १२ खडे विरघळले की साधारण १ सेंटिमीटर वाढ दिसते. गोळेवाल्याचा किसलेला बर्फ नको, तो मोजता येत नाही.

संचाची खरी किंमत वसूल होते ती मिठाच्या प्रयोगात, आणि त्याला पुस्तिकेने दोनच ओळी दिल्यात. एका टबात साधं पाणी, दुसऱ्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राइतकं. मीठ पूर्ण विरघळू द्या, दोन्ही पाणी एकाच तापमानाला येऊ द्या, मग निळा रंग घालून गोठवलेला बर्फाचा खडा दोन्हींत सोडा आणि ढवळू नका. साध्या पाण्यात थंड निळी धार तळाशी जाते आणि खडा लवकर संपतो. खाऱ्या पाण्यात गोडं पाणी हलकं, म्हणून निळा थर वरच थांबतो आणि खडा रेंगाळतो. ग्रीनलँडचं वितळलेलं पाणी उत्तर अटलांटिकमध्ये असंच वर पसरतं. तिथलं थंड, खारं, जड पाणी खाली बुडण्यावर सागरी अभिसरण, म्हणजे समुद्रातल्या प्रवाहांचं चक्र, चालतं. ते बुडणं मंदावलं की उष्णतेची वाहतूकही मंदावते.

पुस्तिकेत 'उत्तर ध्रुवाचा बर्फ वितळून समुद्र वाढतो' असं छापलंय, ते खोडा. तो बर्फ तरंगता आहे. तो गेला की गडद पाणी उघडं पडून ऊन जास्त शोषलं जातं, हा त्याचा परिणाम. पातळी वाढवतो जमिनीवरचा बर्फ: ग्रीनलँडचा सगळा वितळला तर सुमारे ७ मीटर, अंटार्क्टिकाचा सुमारे ५८. जळगाव २०० मीटरवर आहे, तेव्हा 'मग आपलं काय बुडतं?' हे पोरं विचारणारच. त्यांना नकाशात आपल्याच तापीचं समुद्राकडचं मुख आणि तिथलं सुरत दाखवा.

मे महिन्यात हा प्रयोग करू नका, निळा थर दिसायच्या आत बर्फ संपतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम.