क्विक रिलीज: कॅम आत की बाहेर?
इटलीचा सायकलपटू तुल्लिओ काम्पान्योलो 1927 साली तिथल्या क्रोचे द'आउने घाटातल्या शर्यतीत थंडीने बधिर बोटांनी चाकाचे पंखनट (हाताने फिरवायचे, पंखासारखे कान असलेले नट) सोडवत बसला, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा रचलेली, त्याचं क्विक रिलीज, म्हणजे लिव्हरने चाक आवळायची-सोडवायची सोय, 1930च्या दशकात आलं आणि पाना न लावता चाक निघू लागलं.

त्या जुन्या घडणीत कॅम, म्हणजे लिव्हर फिरवली की दांडी ओढून चाक आवळणारा तुकडा, धातूच्या डबीत बंद असतो. चाकाच्या पोकळ ॲक्सलमधून 5 मिलिमीटरची दांडी जाते. लिव्हर फिरवली की स्टीलवर स्टील, तेही तेलात, सरकतं. धूळ-चिखल आत शिरत नाही. म्हणून हाताचा बराचसा जोर थेट पकडीत उतरतो.

नंतरच्या हलक्या, स्वस्त प्रकारात कॅम उघडा, लिव्हरच्याच बुडाशी, आणि खाली बहुधा प्लास्टिकचा तुकडा. कॅमचा घेर मोठा, घर्षण जास्त. लिव्हर दाबताना तळहातावर वळ उठतो, तरी पकड कमीच. दिसायला मात्र देखणा, हे कबूल.

ॲक्सल बसायची खाच उभी असलेल्या फ्रेमला हा उघडा कॅम चालून जातो. जुन्या स्टीलच्या सायकलींना मागे आडवी खाच असते. तिथे चढावर उभं राहून पायडल मारलं की चाक तिरकं सरकून फ्रेमला घासतं. माझ्या सायकलीचं असंच झालं. भंगारातून जुना बंद कॅमवाला उचलला, तेलाचे दोन थेंब सोडले, आणि त्यानंतर चाक हललेलं नाही.

बसवताना दांडीवरच्या शंकूच्या आकाराच्या स्प्रिंगचं निमुळतं टोक आतल्या बाजूला, चाकाकडे ठेवा.