हलक्या हॉपी बिअरला भरीवपणा कसा द्यावा: मॅशचे तापमान की यीस्ट?

सुमारे ३.५ टक्के अल्कोहोल असलेली सेशन आयपीए (हॉप्सच्या फुलांचा ठळक स्वाद असलेली हलकी बिअर) घरी करताना माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) कमी वापरावे लागते आणि हॉप्सचा कडवटपणा पाणचट बिअरमध्ये उघडा पडतो. त्यावर ब्रिटन-अमेरिकेतील घरगुती बिअर करणारे प्रामुख्याने दोन उपाय योजतात. पहिला म्हणजे मॅश (गरम पाण्यात भिजवलेले माल्ट) ६९ अंश सेल्सिअसला ठेवणे. या तापमानाला स्टार्चची साखर करणारे बीटा-अमायलेज हे विकर (एन्झाइम) लवकर निकामी होते, अल्फा-अमायलेज या दुसऱ्या विकराचे काम चालू राहते आणि यीस्टला न पचणारे, पण फारसे गोड न लागणारे डेक्स्ट्रिन (स्टार्चचे भरीवपणा देणारे तुकडे) मागे उरतात. दुसरा म्हणजे मॅश नेहमीच्या ६६ अंशांवर करून, माल्टोट्रायोज ही माल्टमधून येणारी साखर न पचवणारे विंडसरसारखे इंग्लिश यीस्ट वापरणे. हे सोपे खरे, परंतु त्याचा फळांसारखा गंध सिट्रा या अमेरिकी हॉप्सच्या लिंबूवर्गीय वासात लुडबुड करतो, शिवाय ते तळाशी नीट बसत नाही. अमेरिकी हॉप्ससाठी म्हणूनच मी पहिला उपाय निवडेन. ईस्ट केंट गोल्डिंग्ज हे इंग्लिश हॉप्स वापरायचे असतील, तर मात्र विंडसरच शोभते. ड्राय हॉपिंगच्या (न उकळता, किण्वनाच्या भांड्यात हॉप्स घालण्याच्या) वेळी हॉप्समधील विकरे हेच डेक्स्ट्रिन फोडून किण्वन पुन्हा सुरू करू शकतात, त्यामुळे पहिल्या उपायात विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत बिअरची घनता, जी किण्वन चालू असेपर्यंत घटत राहते) काही दिवस स्थिर राहिल्याशिवाय बाटल्या भरू नयेत.