मोर्सचा सरावसंच: की ठेवा, बझर बदला, तक्ता बाजूला काढा

लाकडी पाटावर बसवलेली पितळी की (दाबून संकेत पाठवायची कळ), प्लास्टिकच्या डबीतला बझर, नऊ व्होल्टच्या बॅटरीची क्लिप, हातभर वायर आणि एक छापील तक्ता. मोर्स (आखूड ‘डिट’ आणि लांब ‘डा’ अशा आवाजांची संकेतलिपी) शिकायला म्हणून हा बिननावाचा संच ऑनलाइन मिळतो. खोक्यावर कंपनीचं नाव नाही, आत माहितीपत्रक नाही. दोन संच मागवून, उघडून, जुळवून, महिनाभर वापरून हे लिहीत आहोत. मत आधीच सांगतो: की घेण्यासारखी आहे. बझर तसाच वापरण्याच्या लायकीचा नाही. आणि तक्ता शिकणाऱ्याचं सरळ नुकसान करतो.

आधी की. दांडा भरीव पितळेचा आहे, पत्रा वाकवून केलेला नाही. पत्र्याचा दांडा दाबला की लवतो. बोटाला वाटतं टेकलं, पण संपर्क कच्चाच राहतो. इथे तसं होत नाही. दांडा दोन बाजूंच्या टोकदार स्क्रूंवर झुलतो, मागे संपर्कबिंदूंमधला गॅप ठरवणारा स्क्रू, मध्ये स्प्रिंगचा स्क्रू, आणि चौघांनाही चेकनट, म्हणजे स्क्रू आपोआप फिरू नये म्हणून आवळायचा नट. एवढ्या किमतीत चेकनट मिळणं हीच मोठी गोष्ट आहे.

मात्र खोक्यातून काढली आणि वाजवायला लागलात असं करू नका. दोन्ही संचांतल्या की ढिल्या होत्या, आणि एकीत वरचा नि खालचा संपर्कबिंदू समोरासमोर नव्हते, मिलिमीटरभर बाजूला होते. जुळवणीचा क्रम महत्त्वाचा: आधी बाजूचे दोन स्क्रू, मग मागचा, स्प्रिंग सगळ्यांत शेवटी. बिंदू बाजूला असतील तर एका बाजूचा स्क्रू अर्धा फेरा सैल करा आणि समोरचा तेवढाच आवळा, दांडा सरकतो. दोन्ही स्क्रू इतकेच आवळायचे की दांडा डावीकडे-उजवीकडे हलू नये, पण स्प्रिंग काढली तर स्वतःच्या वजनाने सहज झुलावा. जास्त आवळले तर दांडा जड होतो आणि डिट चिकटतात.

गॅप सुरुवातीला ०.५ मिलिमीटर ठेवा. गॅरेजमध्ये प्लगचा गॅप बघायला जी फिलर गेज असते, तिचीच पट्टी चालते. हात बसला की ०.३ पर्यंत खाली आणा. गॅप जास्त असेल तर हात दमतो आणि संपर्क आपटून उडतो, म्हणजे एका डिटचे दोन ऐकू येतात. फार कमी असेल तर डिटमधली फट बुजते आणि तीन डिट मिळून एक लांब पिपाणी होते. स्प्रिंगचा ताण असा हवा की बोटं नुसती ठेवली तर दांडा खाली जाऊ नये आणि सैल सोडली की झटकन वर यावा. शेवटी चेकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. म्हणून आवळल्यावर पट्टी पुन्हा घालून बघा. बहुतेकांची चूक इथेच होते, आणि मग की खराब म्हणून परत पाठवतात.

खरी उणीव आहे ती पाटाची. लाकूड हलकं आहे, जरा वेग घेतला की सगळं टेबलावर सरकतं, आणि सरकणाऱ्या कीवर कुणालाच एकसारखा डा देता येत नाही. कोल्हापुरात यावर इलाज सोपा आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमधून एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटचा तुकडा घ्या: १५० बाय १०० मिलिमीटर, १० मिलिमीटर जाड. वजन १,२०० ग्रॅमच्या आसपास भरतं. चार भोकं पाडून एम-४ चे आटे मारून घ्या आणि पाटासकट की त्यावर घट्ट बसवा. पाट काढून की थेट लोखंडावर बसवायचा मोह टाळा. दांडा आणि खालचा संपर्क प्लेटमधून जोडले जातात आणि बझर अखंड बोंबलत राहतो. प्लेटखाली जुन्या ट्यूबच्या रबराचा तुकडा चिकटवला की ती जागची हलत नाही.

दुसरी गोष्ट हवेची. संपर्कबिंदूही पितळेचेच आहेत आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये पितळ काळवंडायला वेळ लागत नाही. आवाज तुटक, खरखरीत यायला लागला की कारण बहुधा हेच. पॉलिशपेपर लावू नका, बिंदूंवर चरे पडतात आणि पुढच्या वेळी मळ लवकर धरतो. साध्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून दोन बिंदूंमध्ये धरा, की हलकी दाबा आणि पट्टी ओढून घ्या. चार-पाच वेळा केलं की पट्टीवर काळी रेघ यायची थांबते. कायमचा उपाय हवा असेल तर गुजरीत सराफाकडे जाऊन दोन्ही बिंदूंवर चांदीच्या तारेचे बारीक तुकडे झाळून घ्या. चांदीही काळी पडते, पण तिचा थर वीज तेवढी अडवत नाही.

आता बझर. आत तयार, स्वतःच वाजणारा बझर आहे. त्याच्या स्वराची पट्टी दोन हजार हर्ट्झच्या वर. दहा मिनिटांत कान किटतात, आणि घरातल्यांचे त्याआधी. मोर्स ऐकायला ५०० ते ७०० हर्ट्झची खालची, गोल पट्टी लागते. शिवाय हा बझर सुरू व्हायला क्षणभर घेतो. मिनिटाला ५ शब्दांच्या वेगात ते लक्षात येत नाही, कारण तिथे एक डिट २४० मिलिसेकंदांचा असतो. १५ शब्दांना डिट ८० मिलिसेकंदांवर येतो आणि मग प्रत्येक डिटची सुरुवात खाल्ली जाते. शिकणाऱ्याला वाटतं आपला हात चुकतोय. हात बरोबर असतो.

म्हणून ५५५ या टायमर आयसीची, स्वर तयार करणारी साधी सर्किट बांधा. शहरात रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग विकणाऱ्या कुठल्याही दुकानात सगळं मिळतं: ५५५ आयसी, १० किलोओहमचे दोन रेझिस्टर, १०० किलोओहमचा एक, १०० ओहमचा एक, ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक आणि ८ ओहमचा छोटा स्पीकर. नऊ व्होल्टचा प्लस पिन ८ ला, मायनस पिन १ ला. पिन ७ आणि प्लस यांच्यात १० किलोओहम, पिन ७ आणि ६ यांच्यात १०० किलोओहम, पिन ६ आणि २ एकत्र, तिथून मायनसला ०.०१ मायक्रोफॅरड. पट्टी ६८५ हर्ट्झच्या आसपास येते. पिन ३ वरून १०० ओहम, मग इलेक्ट्रोलायटिकची प्लस बाजू, तिच्या मायनस बाजूला स्पीकरचं एक टोक आणि स्पीकरचं दुसरं टोक मायनसला. की बॅटरीच्या वायरमध्ये घालू नका. पिन ४ ला दुसऱ्या १० किलोओहमने मायनसला बांधा, आणि की पिन ४ व प्लस यांच्यामध्ये लावा. अशाने आवाज दाबल्याबरोबर स्वच्छ सुरू होतो आणि सोडल्याबरोबर बंद होतो. एकच तोटा: की दाबलेली नसतानाही आयसी थोडी वीज खाते, तेव्हा बॅटरीला स्विच लावायला विसरू नका.

राहिला तक्ता. त्यावर अक्षरासमोर टिंबं आणि रेघा छापल्या आहेत, आणि झाडासारखी एक आकृती आहे. दिसायला छान. पण तक्ता डोळ्यांनी पाठ केला की मेंदू प्रत्येक आवाजाची आधी टिंबं-रेघा करतो, मग ती तक्त्यात शोधतो, मग अक्षर लिहितो. दहा शब्दांच्या आसपास या भाषांतराला वेळ पुरत नाही आणि माणूस तिथेच महिनोन्‌महिने अडकतो. मोर्स ही कानाने शिकायची गोष्ट आहे. ‘के’ म्हणजे रेघ-टिंब-रेघ नव्हे, ‘के’ म्हणजे डा-डिट-डा असा एक ठेका, जसा ढोलकीचा बोल. बोल मोजत बसत नाहीत, ओळखतात.

यासाठी कॉखची पद्धत वापरा, म्हणजे अक्षरं पहिल्यापासून पूर्ण वेगात ऐकायची आणि एकेक करून वाढवत न्यायची. एलसीडब्ल्यूओ या फुकट संकेतस्थळावर तिचे ४० धडे आहेत आणि पहिल्याच धड्यात फक्त दोन अक्षरं: के आणि एम. अक्षराचा वेग १८ ते २० शब्दांचा ठेवा, पण दोन अक्षरांमधली जागा वाढवून एकूण वेग ६-८ वर आणा. लिहिलेलं ९० टक्के बरोबर आलं की मगच पुढचं अक्षर. अक्षरच सावकाश वाजवून शिकलात तर नंतर तेच अक्षर वेगात ओळखू येत नाही, ते जणू नवीनच असतं. रोज १५ मिनिटांच्या दोन बैठका पुरेत. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा त्या कितीतरी बऱ्या. आणि पहिली दहा-बारा अक्षरं कानाला पक्की होईपर्यंत कीला हात लावू नका. बरोबर डा कसा ऐकू येतो हे कानालाच माहीत नसेल, तर हाताची चूक धरणार कोण?

पाठवताना कोपर आणि हाताचा पुढचा भाग टेबलावर टेकलेला हवा. अंगठा आणि मधलं बोट गुंडीच्या कडांना, तर्जनी वर, आणि हालचाल मनगटातून. बोट उचलून टकटक करायची सवय लागली तर ती पुढे सुटता सुटत नाही, शिवाय तासाभरात मनगट भरून येतं. मापं अशी: डिट एक, डा तीन, अक्षराच्या आतली फट एक, दोन अक्षरांत तीन, दोन शब्दांत सात. सरावाला आपल्या कोल्हापूर स्टेशनचा रेल्वे कोडच घ्या, के-ओ-पी. नऊ, अकरा आणि अकरा मापं, मधल्या दोन फटी सहा, शेवटी शब्दाची सात, एकूण ४४. मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने एक डिट १५० मिलिसेकंदांचा, म्हणजे हा शब्द शेवटच्या फटीसह ६.६ सेकंदांत बसला पाहिजे. दहा वेळा पाठवून मोबाइलवर रेकॉर्ड करा: ६६ सेकंद. नवशिक्यांचे पन्नासच्या आत येतात, आणि चोरी नेहमी फटींतून झालेली असते. ए आणि एन यांच्यातली फट गिळली की पी होतो, हे रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय पटत नाही.

पेनाने टेबलावर टकटक करून सराव होईल का, असं बरेच जण विचारतात. होत नाही, कारण टकटकीला लांबी नसते. डिट आणि डा दोन्ही सारखेच वाजतात. जुन्या तारऑफिसातलं साउंडर यंत्रही टकटकच करायचं, पण त्यात दांडा खाली आपटल्याचा एक आवाज आणि वर आपटल्याचा वेगळा, आणि तारमास्तर त्या दोन आवाजांमधलं अंतर ऐकायचे. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, ते कडकट्ट त्याच्या बरंच आधी थांबलं होतं. मोबाइलच्या जीबोर्डमध्ये मोर्सचा कीबोर्ड आहे, पण त्यात डिटला एक बटण आणि डाला दुसरं. अक्षरं पाठ होतात, हाताला लांबीचं वळण लागत नाही.

घ्यावा कुणी? हौशी रेडिओ परवान्याच्या जनरल श्रेणीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्याने जरूर. तिथल्या मोर्स चाचणीचा वेग मिनिटाला ८ शब्दांचा आहे आणि ही की नीट जुळवली तर त्याच्या दुप्पट वेगालाही साथ देते. घरात बझरवर सराव करायला परवाना लागत नाही. हवेत सिग्नल सोडायला लागतो. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी खेळणं म्हणून घेणार असाल तर सर्किट आधी मोठ्यांनी बांधून द्यावी, नाहीतर बझरच्या आवाजानेच दोन दिवसांत संच माळ्यावर जाईल.

अंकांचा सराव सगळे टाळतात, कारण प्रत्येक अंकात पाच-पाच तुकडे. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी रोज पेपरात येते, तीच फूट-इंचांत पाठवा. इशारा पातळी ३९: डिट-डिट-डिट-डा-डा, डा-डा-डा-डा-डिट. धोका पातळी ४३: डिट-डिट-डिट-डिट-डा, डिट-डिट-डिट-डा-डा. चारमधला शेवटचा डा आखूड पडला तर ऐकणारा पाच लिहितो, आणि ४३ फुटांचे ५३ होतात.